छबूबाईंनी चालवत नेलेली बकुळ

नगरला आमच्या घराजवळच्या सार्वजनिक बागेत कारंज्यामागे एक बकुळ आहे. ती मुळात तिथली नाही, हे आता माझ्याखेरीज फारसं कुणाला ठाऊक नसेल. आधी ती साठ पावलं पलीकडे, कुंपणालगत होती. तिला इकडे आणलं छबूबाईंनी.

छबूबाई घोडेगावच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा त्या बागेत पाणी घालायच्या कामाला लागल्या. हजेरीपटावर त्या शेवटपर्यंत बिगारीच होत्या. पण मी सात वर्षांची असल्यापासून पाहत होते, रोप मलूल झालं की माळी आधी त्यांनाच हाक मारत. त्या पानाची मागची बाजू बघायच्या, चिमूटभर माती जिभेवर ठेवायच्या, थुंकायच्या आणि म्हणायच्या, "खारी झालीय. लई पाणी पाजलंत."

१९६६च्या जूनमध्ये ठरलं, की पुढच्या वर्षी रस्ता रुंद होणार आणि कुंपणाची बकुळ तोडायची. दोन पुरुष उंच, नुकतीच फुलायला लागलेली. छबूबाई मुकादम सूर्यभान यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"मला एक वरीस द्या. झाड मी जित्तं नेते."

"बाई, झाड हाय का शेळी? दावं लावून न्यायला?"

"व्हय, तसंच. चालवतच नेते."

मुकादमांनी हसत हसत वर विचारलं आणि परवानगी आणली. त्या आठवड्यात छबूबाईंनी बुंध्याभोवती अर्धा गोल चर खणला, तिकडची मुळं तोडली आणि चर पालापाचोळ्याच्या खताने भरला. उरलेला अर्धा गोल थंडी सरल्यावर. "समदी मुळं एकदम तोडली तर दम जाईल तिचा," त्या मला म्हणाल्या. उगवतीकडच्या एका फांदीला त्यांनी हिरवी चिंधी बांधली. नव्या जागी तीच बाजू उगवतीला यायला हवी होती. दिशा फिरली, की सावलीत वाढलेली साल उन्हाने भाजते आणि झाड मरतं.

पण रस्त्याने येणाऱ्या बायकांनी चिंधी पाहिली, खाली नवी माती पाहिली, आणि त्यांना वाटलं, हे नवसाचं झाड. श्रावणात सात चिंध्या झाल्या. संक्रांतीला मी मोजल्या, एकेचाळीस.

"सोडून टाका की," मी म्हटलं.

"कुणाचं पोर आजारी असंल, कुणाची लेक नांदत नसंल. मी कशी सोडू, ताई?"

२ जुलै १९६७, रविवार. माळ्यांनी बकुळ खणून काढून, मुळांचा गड्डा गोणपाटात बांधून बैलगाडीवर आडवी घातली. नव्या खड्ड्याशी गाडी थांबली आणि तेव्हा कळलं, की मूळची चिंधी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. वर्षभराच्या उन्हापावसात सगळ्या सारख्याच करड्या झाल्या होत्या.

मी रोज डायरी लिहायचे. धावत घरी गेले, मागच्या वर्षीची डायरी घेऊन आले आणि मोठ्याने वाचलं, "छबूबाईंनी उगवतीकडच्या फांदीला हिरवी चिंधी बांधली." कोणती फांदी, ते मी लिहिलंच नव्हतं. मुकादम म्हणाले, "वा! आता झाडालाच इचारा, बाई."

छबूबाईंनी खरंच तेच केलं. डोळे मिटले आणि तळवा सालीवरून फिरवू लागल्या, हळूहळू, बुंधाभर. एका जागी थांबल्या, मागे आल्या, पुन्हा तिथेच. "हितं चरचरीत हाय. ही दुपारच्या उन्हाची बाजू. म्हंजे उगवत हिच्या पल्याडची." त्यांनी माझा हात धरून त्या चरचरीत जागी ठेवला. मला फक्त साल लागली. पण माळ्यांनी त्या म्हणाल्या तीच बाजू उगवतीला धरून झाड खड्ड्यात उतरवलं.

बकुळ उभी राहिली आणि आठवडाभरात तिची सगळी पानं गळली. मुकादमांना वरून निरोप आला, महिनाअखेर पालवी दिसली नाही तर खोड काढून टाका. छबूबाई रोज सकाळी नखाने साल खरवडायच्या, जेमतेम तिळाएवढी. आत हिरवं दिसलं की तोंडातल्या तोंडात "जित्ती हाय" म्हणून पाणी घालायला जायच्या. एकतीस जुलैला मुकादम कुऱ्हाडवाल्याला घेऊन आले. छबूबाईंनी त्यांच्यासमोर साल खरवडली. मुकादमांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कुऱ्हाडवाल्याला म्हणाले, "तू चहा पिऊन ये. उद्याच ये. नाहीतर येऊच नको."

अठरा ऑगस्टला बुंध्यावर तांबूस कोंब फुटले, तांदळाच्या दाण्याएवढे. मी तिथे उभी होते. आमच्या शाळेच्या चॅपलमध्येही माझी मान इतकी आपोआप कधी खाली गेली नव्हती. मुकादमांनी टोपी काढून हातात घेतली.

छबूबाई मात्र तिथे नव्हत्या. त्या फाटकाशी उभ्या होत्या. रस्त्याच्या पुढच्या टप्प्यात तिथला कडुनिंब जाणार होता. दोन्ही हात पसरून त्या त्याचा घेर मोजत होत्या.

"मुकादम," त्या तिथूनच ओरडल्या, "ह्याला एक वरीस पुरायचं न्हाई."

"वर तीन वर्सं सांगतो," मुकादम म्हणाले. "तुमी खणायला घ्या."