खंडेनवमीला गेम पुजला तेव्हा

माझ्या सुनेचा विक्रम मी हळदकुंकू वाहून पुसून टाकला. हळदकुंकवाने विक्रम कसा पुसला जाईल, असं कुणी विचारेल. पण मी तेव्हा पन्नाशीत होते, नुकतीच सासू झाले होते, आणि त्या वयात नि त्या पदावर बाई काय वाटेल ते करू शकते. आता आजी झाल्यावर त्या बाईची आठवण आली, की तिला चारचौघांत ओळख दाखवावी की नाही असा प्रश्न पडतो.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं असतील. आम्ही नवीन पनवेलला राहत होतो. सून जवळच्याच कोन नावाच्या गावची, भातशेती असलेल्या घरातली. तिच्या बोलण्यात आमी, तुमी, नाय, हाय. शेजारणींना काय वाटेल या काळजीने मी सुरुवातीला खिडक्या लावून घ्यायचे. सहा महिन्यांत मीच भाजीवाल्याला “नाय परवडत” म्हणायला लागले, तेव्हा खिडक्या उघडल्या.

लग्नात तिने लोखंडी कपाट आणलं, पितळी भांडी आणली आणि साड्यांच्या घडीत लपवून एक हातातला गेम आणला. बंदरावर कामाला असलेल्या तिच्या मामाने तो ती शाळेत असताना दिलेला. तळहातापेक्षा थोडा मोठा, मूळचा पांढरा पण पिवळा पडलेला, बटणांवरची अक्षरं घासून गेलेली. छोट्याशा पडद्यावर वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली नीट बसवायचे. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि आकडा वाढतो. ठोकळे वरपर्यंत चढले की खेळ खलास. कॉलनीतल्या पोरांच्या हातात तोवर मोबाइल आले होते. असा गेम त्यांनी कचऱ्यातूनही उचलला नसता.

पहिल्या आठवड्यात मी नाक मुरडलं. लग्न झालेली बाई आणि ठोकळे रचते, हे मी यजमानांना तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी ते म्हणाले, बघ तरी काय आहे ते. सून अंघोळीला गेली होती, म्हणून मी नुसता हातात घेतला. ती बाहेर आली तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या होत्या, वरणाचा खालचा थर काळा झाला होता आणि मी मान न वळवता तिला विचारत होते, की हा लांबडा उभा कसा करायचा.

त्या दिवसापासून दुपारची कामं आटपली की आम्ही दोघी आळीपाळीने खेळायला बसू लागलो. माझी पाळी चालू असताना ती शेजारून “डाव्या अंगाला, आई, डाव्या” म्हणायची आणि मी उजवीकडे टाकायचे, कारण सुनेचं ऐकून ठोकळा ठेवला तर घरात काय मान राहील?

आम्हा दोघींना आणखी एक नाद होता, वाचनाचा. जुन्या पनवेल गावातल्या वाचनालयाचं सभासदत्व माझ्या नावावर होतं. एका वेळी एक पुस्तक, दहा दिवस. दोघींनाही रहस्यकथा लागायच्या, आणि घरातली सगळी भांडणं तिथे होती. पुस्तक आधी मी वाचायचे. मला शेवटचं पान पहिलं वाचायची खोड होती. एकत्र कुटुंबात नवी नवरी असताना एकही पुस्तक कधी पूर्ण करू दिलं नव्हतं कुणी. पन्नासाव्या पानावर पाहुणे, ऐंशीव्या पानावर पापड. तेव्हापासून मी आधी शेवट बघून ठेवायचे, मधलं जमेल तेव्हा. इथवर ठीक होतं. पण मला ते पोटात ठेवता यायचं नाही. सून पुस्तक उघडून विसाव्या पानावर पोचली, की मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, “त्या काकांवर लक्ष ठेव हं.” तेवढ्यावर तिचं पुस्तक संपायचं.

वर्षभरात तिने आठ खुनांचा तपास माझ्यामुळे अर्धवट सोडला. एकदा ती फार शांतपणे म्हणाली की तिला लहानपणापासून पुस्तकं विकत घेऊन देणारं कुणी नव्हतं, लग्नानंतर घरात पुस्तकं येतात म्हणून ती खूश होती, पण अजून एकही खुनी तिने स्वतः पकडलेला नाही. मी हसले. त्या वेळची मी हसलेच.

तर आषाढात पैज लागली. दसऱ्याच्या दिवशी गेममध्ये जिचा सर्वांत मोठा आकडा असेल, ती पुढचं वर्षभर प्रत्येक पुस्तक आधी वाचणार. गेम सर्वांत मोठा असा एकच आकडा लक्षात ठेवायचा, त्यामुळे वादाला जागा नव्हती. पंच म्हणून यजमान. त्यांनी निवृत्तीनंतर कुठलंही काम अंगावर घेतलं नव्हतं, हे आनंदाने घेतलं.

श्रावणात तिने माझा आकडा मोडला. गणपतीत स्वतःचाच मोडला. पितृपक्षात मी घाम गाळला, पण तिच्या निम्म्यालाही पोचले नाही. ती जिंकणार हे भिंतीवरच्या पालीलाही कळलं होतं. सून मात्र रोज उठून एकदा तो आकडा बघायची आणि गेम कपाटात ठेवायची. दसऱ्यानंतर आणायच्या पुस्तकांची यादीसुद्धा तिने करून ठेवली होती.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची पद्धत. विळी, कोयती, सुतळीचा दाभण, यजमानांचा पाना, शिवणयंत्राची कात्री, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, फूल वाहायचं, आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. मला वाटलं, ज्यावर रोज हात चालतो ते हत्यार. मग गेमने काय घोडं मारलंय? सून सकाळीच माहेरी गेली होती, तिच्याकडेही विळे-कोयते पुजायचे होते. मी कपाटातून गेम काढला.

इथपर्यंत भक्ती होती. पुढचं अज्ञान. ओल्या फडक्याने पुसायचा तर शॉक बसेल, म्हणून मी मागचं झाकण उघडून दोन्ही पेन्सिल सेल काढले. पेन्सिल सेलचा शॉक! घरात विजेचं बटण ओल्या हाताने दाबणारी मी, तिथे मात्र सावध. गेम लखलखीत पुसला, पाटावर विळीशेजारी ठेवला, पडद्याच्या मधोमध कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दोन अक्षता बटणाच्या फटीत शिरल्या. मी नमस्कार करून म्हटलं, जिचं नशीब तिला दे.

दसऱ्याला सकाळी सेल परत घातले. गेम चालू झाला आणि आकड्याच्या जागी भोपळा. नुसतं शून्य. मी बंद करून चालू केला. शून्य. फुंकर मारली, हलवला, तांदूळ काढले. शून्यच. सेल काढले की त्याची स्मृती जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? गेम ठेवून दिला असता. मी म्हटलं, बिघडला तर नाही ना, बघावं. म्हणून एक डाव खेळले. चांगला चालला. इतका चांगला, की अडीच हजारांवर गेले, आणि गेमने मोठ्या इमानाने तो आकडा सर्वांत मोठा म्हणून नोंदवून ठेवला.

सून दुपारी आपट्याची पानं घेऊन आली. सोनं दिलं, पाया पडली, हात धुऊन आली आणि गेम घेतला. पडद्यावर कुंकवाचा पुसट डाग आणि खाली आकडा. तिने तो दोनदा बघितला.

“आई, हा आकडा कुनाचा?”

“माझा,” मी म्हटलं. खरंच होतं ना ते.

पंच वर्तमानपत्रातून मान काढून म्हणाले, “अभिनंदन.”

मग मी बोलायला लागले. पूजा, फडकं, शॉक, तांदूळ. जसजसं सांगत गेले तसतसं मलाच ते खोटं वाटायला लागलं. हरत आलेली सासू निकालाच्या आदल्या दिवशी सुनेच्या पाठीमागे गेम उघडते, तिचा आकडा जातो आणि त्या जागी स्वतःचा येतो. कुठल्याही रहस्यकथेत खुनी म्हणून मलाच पकडलं असतं, आणि तेही दहाव्या पानावर.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की ठीक हाय, तुमी वाचा पयलं, आणि पुरणपोळ्या वाढायला लागली. तिने लबाडीचा आरोप केला नाही आणि मला तो झटकायची संधीही दिली नाही. यजमानांना विचारलं, तुम्हाला तरी पटतं ना मी मुद्दाम केलं नाही? ते म्हणाले की पंचाला मत नसतं. असल्या पंचाबरोबर मी तीस वर्षं काढली होती.

दोन दिवसांनी वाचनालय उघडलं तशी मी शेअर रिक्षाने गावात गेले. नवी कोरी रहस्यकथा आली होती. ती घेतली, ठरवलं की न उघडता सुनेच्या हातात द्यायची. परतताना रेल्वेचा पूल ओलांडेपर्यंत पाळलं. पुलापलीकडे रिक्षा गर्दीत अडकली आणि बोटं आपोआप शेवटच्या पानावर गेली. सवय ती.

घरी येऊन पुस्तक तिच्यापुढे ठेवलं, म्हटलं, यापुढे सगळी पुस्तकं आधी तू. तिने माझ्याकडे बघितलं. शेवट बघितला का, असं तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

पुढचे चार दिवस म्हणजे माझं तप होतं. ती पुस्तक पुरवून पुरवून वाचायची आणि जेवताना मोठ्याने तपास करायची. तो भाचा असनार, नायतर ती नर्स. नर्स म्हणताना माझ्याकडे तिरकी बघायची. मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबायचे. ती चुकीच्या माणसावर संशय घेऊन पाच-पाच पानं वाया घालवत होती आणि मला तिला वाचवता येत नव्हतं. तोंडात लवंग ठेवली, सुपारी ठेवली, एकदा तर पाण्याचा घोट धरून मी कपडे वाळत घातले. यजमानांना वाटलं दाढ दुखतेय, त्यांनी मिठाच्या गुळण्या सुचवल्या. खुनी कोण होता ते मी आजही सांगणार नाही. एकदा जमलंय, ते बिघडवायचं नाही.

चौथ्या दुपारी ती पुस्तक मिटून स्वयंपाकघरात आली. शेवटच्या पानाच्या पाच पानं आधी तिने खुनी बरोबर ओळखला होता, आणि तिचा चेहरा गणपतीत विक्रम केला होता त्याहून जास्त फुलला होता. मी मेथी निवडत होते. माझ्यासमोर बसून तिने जुडीतल्या चार काड्या उचलल्या, पानं खुडायला लागली आणि म्हणाली:

“आई, तुमी मुद्दाम नाय केला ते मला दसऱ्यालाच कळलं होतं. सेल काढले का आकडा जातो, ते तुमाला ठाव असतं, तर श्रावनातच गेला असता तो. मला फक्त बघायचं होतं, तुमचं तोंड चार दिवस गप ऱ्हातं का नाय.”