साखरेची कवटी

बाबा गेले त्या वर्षी मी आईला इकडे आखातात, अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. ती नातीच्या वेण्या घालायची, भाजी निवडायची, पण बाबांचा विषय काढला की उठून आत जायची. मला राग यायचा. माझेही वडीलच गेले होते. मी कोणाशी बोलायचं?

दिवाळी आली. वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात कढई चढली नाही. बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींनी रिवाजाप्रमाणे फराळाचे डबे आणून दिले. त्यांत करंज्याही होत्या. बाबांना मधुमेह होता आणि करंजीचा भारी सोस. "एक दिवस चालतं," म्हणत ते डब्यात हात घालायचे आणि आई डबा हिसकावून घ्यायची.

त्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधली मेक्सिकन शेजारीण ताटलीत चक्क कवटी घेऊन आली. पांढरीशुभ्र, डोळ्यांभोवती रंगीत फुलं, कपाळ तेवढं कोरं.

"सणासुदीला कवटी? काही करणी-बिरणी नाही ना?" आई मागे सरली.

"आजी, इट्स जस्ट शुगर," माझी लेक म्हणाली.

शेजारणीने सगळं समजावलं. पाडव्याच्या गाठींसारखेच साचे असतात, त्यात ओलसर साखर दाबून ती दरवर्षी या कवट्या करते. तिच्या देशात या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, म्हणून त्यांच्या आवडीचं मांडून ठेवायचं. आमच्या पितृपंधरवड्यासारखंच की, मी आईला सांगितलं. मेंदीच्या कोनासारखा रंगीत साखरेचा कोन हातात धरून शेजारणीने कपाळावर काय नाव लिहू, म्हणून विचारलं.

मी तोंड उघडणार तोच आईने हाताने मला थांबवलं आणि बाबांचं नाव घेतलं. आडनावासकट, सावकाश. उखाण्याबाहेर ते नाव तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं. आई मात्र कोनातून उमटणाऱ्या अक्षरांकडे बघत राहिली.

शेजारीण गेल्यावर तिने कवटी बाबांच्या फोटोपुढे ठेवली. शेजारी एक करंजी ठेवली. मग जरा घुटमळून दुसरीही ठेवली.

"अगं, त्यांना साखर..." माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"असू दे," आई म्हणाली. "एक दिवस चालतं."