तेरा भोकांचे यंत्र

मिस्त्रींच्या उजव्या अंगठ्याचा सांधा नेमका कधी निकामी झाला, याविषयी घरातच एकवाक्यता नाही. ते स्वतः दोन वर्षे सांगतात; त्यांच्या पत्नी ‘पाच तरी’ म्हणून विषय संपवतात. निर्विवाद आहे ते इतकेच: वसतिगृहाच्या चाळीस कपाटांचे काम हाती आले, तेव्हा हातातले ड्रिल त्यांना पेलत नव्हते. फळ्या टेकवायच्या खुंट्यांसाठी प्रत्येक कपाटाला शंभराहून अधिक भोके लागतात. हे काम हातचे गेले, तर छत्तीस वर्षांचे दुकान बंद करून दुसऱ्याच्या कारखान्यात हजेरी लावावी लागणार, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

म्हणून जुने बोरिंग मशीन. बंद पडलेल्या एका कारखान्यात ते धूळ खात उभे होते. एका दाबात फळीला तेरा भोके पाडणारे. मालक वारले होते, व्यवहार त्यांच्या पत्नीने केला. वीज तोडलेली असल्याने मिस्त्रींनी यंत्र हातानेच फिरवून पाहिले, पेचकसाची मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकले आणि मान डोलावली.

“हा डबाही न्या, भाऊ. आमचे हे मशीनपासून हलू द्यायचे नाहीत तो.”

डब्यात भोके पाडायचे, यंत्राला लावायचे जुने बिट होते. काहींच्या मानेला काळा रंग, काहींच्या लाल.

“दोन संचांची मोडतोड दिसतेय ही, वहिनी. कपाटाच्या कामात सगळं एकसारखं लागतं. मी नवे घेईन.”

“अहो, देतायत तर घ्या की,” सोबत आलेल्या मिस्त्रींच्या पत्नी म्हणाल्या.

“घरात भंगार कमी आहे का?”

“कमी कसं असेल? छत्तीस वर्षं सांभाळतेय की एक.”

हे बोलणे झाल्याचे मिस्त्रींना आठवत नाही. डबा मात्र त्या बाईंच्या खिडकीत अजून आहे. मी तो उघडून पाहिला आहे.

दुकानात यंत्र बसले. मिस्त्रींनी तेरा नवे बिट आणले, सगळे एकाच जातीचे. पहिल्या दाबाला सात भोके स्वच्छ पडली. उरलेल्या सहांतून धूर निघाला. एकाआड एक, कोळशासारख्या काठांची. अशा यंत्रात शेजारशेजारची चाके एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे एक बिट उजवीकडे फिरतो, तर पुढचा डावीकडे. लाल मानेचे बिट डावीकडे फिरत कापणारे होते; नवे सगळे उजवीकडेच कापणारे. पण ज्यांच्या हातातले गिरमिट आयुष्यभर एकाच दिशेने फिरले, त्यांनी निराळाच निष्कर्ष काढला.

“कुणीतरी चाकं उलटी बसवलीत.”

“त्या बाईंना विचारा तरी एकदा.”

“सुतार मी आहे की त्या?”

त्यांनी यंत्र खोलायला घेतले. झाकण घट्ट बसले होते, हातोडी घातली. तिसऱ्या घावाला चाकांवरचे ओतीव लोखंडी आवरण उभे चिरले आणि काळे तेल भुशात पसरले. पत्नींनी त्यावर आणखी भुसा टाकला. तसे आवरण पुढे कुठेही मिळाले नाही. वसतिगृहाचे काम गावाबाहेरच्या कारखान्याकडे गेले, आणि दोन महिन्यांनी मिस्त्रीही तिथेच गेले.

पहिल्या सकाळी त्यांच्या मुलीहून लहान असलेल्या मुकादमाने बिटांची दोन खोकी पुढे ठेवली.

“एक काळा, एक लाल, आजोबा. जमेल ना?”

“जमेल.”

त्यांनी तेराही बिट बसवले. एकही भोक जळले नाही. समोरच्या फळ्यांवर वसतिगृहाचे नाव खडूने लिहिलेले होते.