बंदूक खाली?

रविवारी सकाळी मला तर्री-पोहेसुद्धा आठवत नाहीत. आधी छर्‍याची बंदूक, मग सगळं. कामठीच्या बाजूला एका सरकारी मैदानाचा कोपरा आम्हा काही बायकांना नेमबाजीसाठी मिळालाय, तोही अटीवर. एक घोटाळा झाला की परवानगी गेली. म्हणून समोर मातीचा उंच बांध, नेमबाजी चालू असेपर्यंत वर लाल झेंडा, आणि निघताना निशाण्याचे कागद, छर्रे वेचून न्यायचे.

त्या रविवारी पुण्याच्या धाकट्या नणंदेलाही हट्टानं नेलं होतं. माझ्या तर अंगात वारंच शिरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळे छर्रे काळ्या गोलात! कधी एकदा कागद जवळून बघते असं झालेलं.

आम्हाला शिकवणारे काका फौजेतून निवृत्त झालेले, पक्के नागपूरकर. कागद आणायला सोडण्याआधी प्रत्येकीला विचारतात, "बंदूक खाली?" म्हणजे आत छर्रा नाही ना. हा 'खाली' आमच्याकडे हिंदीतून आलेला. नणंदेनं पाहिलं, बंदूक टेबलावर ठेवलेली आहे. ठसक्यात म्हणाली, "हो, खाली."

काकांनी झेंडा उतरवायला हात घातला. माझी नजर टेबलावर गेली. रिकाम्या बंदुकीची नळी उघडी ठेवतात. हिची बंद होती.

"थांबा, भरलेली आहे," मी ओरडले.

सगळ्या जागच्या जागी थबकल्या. काकांनी तिच्याकडून तो छर्रा समोरच्या कागदावर सोडायला लावला. मेलीचा नेमका मधल्या ठिपक्यात बसला. मला मात्र वाटलं, गेलं आपलं मैदान.

"काहून वं, खाली म्हणाली ना तू?" काकांनी विचारलं.

"खालीच तर ठेवलीये," तिनं टेबल दाखवलं.

काकांना घोळ कळला. मग म्हणाले, आजपासून खाली बंद, रिकामी म्हणायचं. आणि लगेच पहिलीपासून सुरू केलं, "रिकामी?"

"रिकामी कुठची जी काका, घरी धुण्याचा ढीग पडून आहे."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. काकाही हसले, पण प्रत्येकीची नळी उघडी पाहिल्याशिवाय त्यांनी झेंड्याला हात लावला नाही. मग मला सोडलं. पळावंसं वाटत होतं, तरी मी चालत गेले. मैदान अजून आमचंच होतं.