बारा गाड्यांची बाग

पट्टीकाकांनी आयुष्यात कधी टेप हातात धरला नाही. बागांना माती पुरवणाऱ्या एका वखारीत ते बत्तीस वर्षं कामाला होते आणि कुठल्या जागेला किती माती लागेल हे सांगणं, एवढंच त्यांचं काम होतं. जागेवर जायचं, कोपऱ्यात टाचा जुळवून उभं राहायचं आणि ओठांतल्या ओठांत मोजत नाकासमोर चालत सुटायचं. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. लांबी झाली की रुंदी. मग विचारायचं, "काय लावणार?" हिरवळ असेल तर अर्धा फूट माती, फुलझाडांना आठ इंच, मोठ्या झुडपांना दीड फूट. गुणाकार डोक्यातल्या डोक्यात. आलेल्या आकड्यात पाचवा हिस्सा वाढवायचा, कारण गाडीतून उतरलेली माती पिंजलेल्या कापसासारखी फुगलेली असते, चार वेळा पाणी पडलं की खाली बसते. मग शंभर घनफुटांची एक गाडी, या हिशेबानं ते गाड्या सांगत. सांगितलेल्या आकड्यापेक्षा पाटीभर माती कधी उरली नाही की कमी पडली नाही. त्यांचं खरं नाव वखारीत कुणालाच आठवत नसे.

मोजताना मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे. एका गृहस्थानं एकोणिसाव्या पावलाला "चहा घेणार का?" म्हणून विचारलं, तर ते तसेच मागे फिरले आणि पुन्हा पहिल्यापासून चालले. चहा मात्र घेतला. आत्ताचं घर भाड्यानं घेताना त्यांनी मालकासमोरच स्वयंपाकघर चालून काढलं आणि "तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा आठ इंच कमी आहे" असं सुनावलं. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, आपण राहायला आलोय, वाफे घालायला नाही," ती जिन्यात म्हणाली.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बदलला. तीन महिने घरी काढून ते कामावर परतले. व्यायाम इतका नेमानं केला होता, की चालण्यात जराही लंगडेपणा उरला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता. वखारीत पहिल्या दिवशी त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचं पाचवं काम एका दवाखान्याचं होतं. इमारतीपुढच्या मोकळ्या जागेत डॉक्टरबाईंना फुलझाडं हवी होती. काकांनी जागा चालून काढली. लांबी तेवीस पावलं, रुंदी चौदा. "सोळा गाड्या," ते म्हणाले आणि निघून आले.

माती पोचवणारा ड्रायव्हर अकरा वर्षं त्याच वखारीत होता. बाराव्या गाडीला माती कडेच्या विटांना येऊन टेकली. माळी म्हणाला, "बस झाली की रे." ड्रायव्हर म्हणाला, "काकांनी सोळा सांगितल्यात म्हणजे सोळा. तू नवा आहेस." आणि त्यानं उरलेल्या चार गाड्या दवाखान्याच्या दारापाशी ओतल्या.

शनिवारी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. "मी बाग सांगितली होती, डोंगर नाही," त्या वखारीच्या मालकिणीला म्हणाल्या. "माझ्याकडे गुडघेदुखीचे पेशंट येतात, गिर्यारोहक नव्हे."

मालकीण म्हणजे आधीच्या मालकांची मुलगी, चाळिशीची. तिनं दोघांना ऑफिसात बोलावलं. आत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर ती होती आणि दुसरीवर गुडघ्यामुळे काका. ड्रायव्हर उभा होता.

"काका, काय झालं हो हे?"

काका दवाखान्यावरून नुकतेच आले होते. दारापाशीचे चार ढीग त्यांनी बघितले होते. "माप बरोबर होतं," ते म्हणाले. "गाड्या जास्त भरल्या असतील. यानं गेल्या महिन्यात गाडीच्या कडेच्या फळ्या बदलल्यात, उंच बसवल्या असणार. म्हणजे बारा गाड्यांतच सोळा गाड्यांची माती आली."

ड्रायव्हरनं दाराबाहेर बोट दाखवलं. "काका, फळ्या नव्या आहेत, पण जुन्यांच्याच मापाच्या आहेत. गाडी बाहेर उभी आहे. चला, मोजा ना."

"मला मोजायची गरज नाही."

"मी का जास्त माती भरीन? मला काय ती घरी न्यायचीय?"

"ते तुलाच माहीत."

मालकिणीनं एकदा काकांकडे, एकदा ड्रायव्हरकडे बघितलं. काकांच्या शब्दावर तिच्या वडिलांनी वखार चालवली होती. "सोमवारी किल्ली आणून दे," ती ड्रायव्हरला म्हणाली. "गाडीवर दुसरं कुणी बघते मी."

त्या संध्याकाळी काका बायकोबरोबर बाजारात गेले. परत येताना दोघांच्या मध्ये पिशवी होती, तिचा एक बंद काकांच्या हातात, दुसरा बायकोच्या.  बायको खुशीत होती.

"एक सांगू? हसू नका. तीस वर्षं मी तुमची पाठ बघत बाजार केला. तुम्ही पुढे, मी मागे पळतेय. ओरडले तर म्हणायचात, मी माझ्या चालीनं चालतोय. आता बघा, कशी बरोबरीनं पिशवी धरता येते. मी बहिणीला सांगितलंसुद्धा, ऑपरेशननं माणसाला जरा अक्कल आली."

काका थांबले. पिशवीला हिसका बसून एक कांदा घरंगळत गेला.

"तू हल्ली भरभर चालतेस का?"

"मी? या वयात? अहो, तुम्हीच सावकाश चालता. माझ्यासाठीच ना?"

काका घराकडे चालू लागले. कांदा तिलाच उचलावा लागला.

त्यांच्या मजल्यावर जिन्यापासून घराच्या दारापर्यंत लांब बोळ होता. बरोबर तीस फुटांचा. इतकी वर्षं तो बारा पावलांत संपत आला होता. काका जिन्याशी उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि चालले. चौदावं पाऊल दाराला लागलं. ते परत गेले. पुन्हा चौदा. लंगडेपणा नव्हता हे खरंच, दोन्ही पावलं अगदी सारखी पडत होती. दोन्ही सारखीच लहान झाली होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बायको दारात उभी होती. "काय हरवलंय?"

"चार इंच," काका म्हणाले. "दर पावलाला."

रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेल्याचं बघून ते पुन्हा बोळात गेले. पाय ताणून टाकला तर जमत होतं. दातओठ खाऊन त्यांनी बारा पावलांत बोळ संपवला. असं चाललं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पुढची मापं बरोबर आली असती, आणि ड्रायव्हर गेल्यापासून माती उरत नाही, असंच लोक म्हणाले असते. या विचारापाशी येऊन ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. चार इंच ऐकायला किती कमी वाटतात. पण ते लांबीतही होते आणि रुंदीतही, आणि लांबीला रुंदीनं गुणलं की बाराच्या सोळा गाड्या होत होत्या.

"डॉक्टरांनी पाय ताणायला सांगितलाय का?" बायको ओल्या केसांनी बाहेर आली होती. काकांनी तिला सगळं सांगितलं. तिनं टॉवेलचं टोक पिळलं.

"मी काल बोललेच नसते तर बरं झालं असतं."

"आणि त्याची गाडी गेली असती."

"त्याच्या बायकोला मी ओळखते हो," ती म्हणाली. "दोन पोरी आहेत."

"माहीत आहे मला."

"मग शनिवारी माहीत नव्हतं का?"

सोमवारी काका वखारीत पोचले तेव्हा ड्रायव्हर किल्ली घेऊन ऑफिसच्या पायरीवर बसला होता. आत हमाल हजेरी लावत होते. काकांनी ते जायची वाट बघितली नाही.

"फळ्या बरोबर आहेत," ते मालकिणीला म्हणाले. "माझं पाऊल आखूड झालंय. चूक माझी आहे, याची नाही. किल्ली त्याच्याकडेच राहू दे."

हमालांनी एकमेकांकडे बघितलं. मालकिणीनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे काका, तुम्ही परत आल्यापासून..."

"पाच कामं. पाचही चुकलीत."

"बाकी चार ठिकाणांहून तक्रार कशी आली नाही?"

"त्यांनी पसरून टाकली असणार. मी सांगितली म्हणजे लागतच असेल, असं वाटलं असेल. त्यातल्या शाळेच्या बागेत जुनी झाडं होती. त्यांच्या बुंध्यावर माती चढली असेल तर साल कुजेल. ते आधी बघायला हवं."

"जा मग," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "यापुढे टेप न्या, काका." ती हे चांगल्या आवाजात म्हणाली, तरी काकांचे कान तापले.

ड्रायव्हरनं आधी दवाखान्याच्या दारातले ढीग उचलले. मग काकांना शेजारी बसवून तो शाळेकडे निघाला. 

"फळी मोजायला दोन मिनिटं लागली असती," तो अर्ध्या रस्त्यात म्हणाला.

"हो."

"गाडी दारात उभी होती."

"हो."

"शनिवार-रविवार घरी कुणी जेवलं नाही, काका."

काकांनी समोरच्या काचेतून बघत मान हलवली. माफ कर म्हणायचं त्यांच्या तोंडात आलं होतं, पण ते इतकं हलकं वाटलं की त्यांनी ते गिळलं.

शाळेची मधली सुट्टी अजून व्हायची होती. कुंपणाच्या कडेनं सात झाडं होती आणि सातही जमिनीत रोवलेल्या खांबांसारखी दिसत होती. झाडाचं खोड मातीपाशी जरा रुंद व्हायला हवं, ते कुठंच दिसत नव्हतं. काका नवा गुडघा बाजूला पसरून कसेबसे पहिल्या झाडापाशी बसले आणि हातानंच माती ओढू लागले. मुळं तुटतील म्हणून फावडं चालत नव्हतं. खाली साल ओलसर आणि काळपट लागत होती.

ड्रायव्हर गाडीला टेकून थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं बाह्या वर केल्या, झाडाच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसला आणि दोन्ही हात मातीत घातले.

"किती खाली जायचं?" त्यानं विचारलं.

काकांनी बोट बुंध्यावरून खाली नेलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "उकरत जाऊ."