वर्षातली वीस मिनिटं

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे किल्लीदार म्हणायचे. दारांच्या किल्ल्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्या रखवालदाराकडे असत. याची किल्ली म्हणजे पंचवीस अक्षरं आणि आकडे, पाच-पाचच्या गटात. तळमजल्यावर काचेच्या खोलीत सर्व्हर होता आणि त्याच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स दर वर्षी ठरल्या तारखेला, सकाळी नऊ वाजता संपायचं. संपलं की कारखाना ठप्प. दुकानांकडून आलेल्या ऑर्डरी यंत्रांपर्यंत पोचायच्या नाहीत, ट्रेमध्ये ठेवायच्या चिठ्ठ्या छापल्या जायच्या नाहीत आणि घासाईची सोळा यंत्रं होती तिथे उभी राहायची. मग अख्खा कारखाना किल्लीदाराच्या टेबलाशी.

वर्षातली वीस मिनिटं. पण वीस मिनिटं काय थाटाची. त्या दिवशी स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून यायची. साहेब स्वतः खाली उतरून विचारायचे, "होईल ना हो?" हा मान न वळवता म्हणायचा, "घाई करू नका. आधी घड्याळ बघू." मग सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का ते बघायचं, कारण घड्याळ चुकलं की चांगली किल्लीसुद्धा नाकारली जाते. मग यंत्राचा ओळख-क्रमांक किल्लीच्या कागदाशी ताडायचा. मग किल्ली टाकायची आणि दोन सेवा, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे दोन प्रोग्रॅम, बंद करून पुन्हा चालू करायच्या. लायसन्स तपासणारी छोटी सेवा आधी, मुख्य मोठी सेवा नंतर. त्यांना तो धाकटी आणि थोरली म्हणायचा. "थोरलीला आधी उठवलं तर रुसून बसते," असं दर वर्षी सांगायचा आणि लोक दर वर्षी हसायचे. यंत्रं पुन्हा घरघरली की साहेब त्याच्या पाठीवर थाप मारायचे. त्या थापेवर गडी पुढचं वर्ष काढायचा.

आता खोटं कशाला बोला. हा सगळा बनाव होता. सात वर्षांपूर्वी साहेबांनी सॉफ्टवेअर कायमचं घेऊन टाकलं होतं आणि पुढचं याच्यावर सोपवून ते विसरूनही गेले होते. कंपनीने कायमची किल्ली पाठवलीही होती, ती ज्याचं नाव नोंदवलेलं त्याच्या ईमेलवर, म्हणजे याच्याच. याने ती छापून घेतली, घडी घातली आणि खालच्या खणात जुन्या वायरींखाली ठेवली. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी लावू, असं स्वतःशी म्हणाला. पुढच्या वर्षी साहेबांची थाप आठवली. सेवा-करार चालू होता, त्यामुळे वर्षाची किल्ली मागितली की कंपनी कारण न विचारता द्यायची. तेव्हापासून हा दर वर्षी मागायचा आणि दर वर्षी मुद्दाम नऊ वाजून जाऊ द्यायचा.

त्याची बायको त्याच कारखान्यात, शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. दिव्यासमोर काच धरून ओरखडा शोधायचा, हे तिचं काम. यंत्र मध्येच थांबलं की आतल्या काचेवर रेघ उमटते आणि ती काच जाते. दर वर्षी त्याच दिवशी तिच्या टेबलावर वीस-पंचवीस काचा बाद व्हायच्या. एका वर्षी ती घरी येऊन म्हणाली होती, "अहो, त्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या होत्या. चिठ्ठीवर तातडीचं लिहिलेलं. आता आणखी आठवडाभर बिचारीने सुई कशी ओवायची?" त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण साहेबांच्या थापेच्या सुखापेक्षा ते कमी होतं.

असं सगळं सुखात चाललेलं असताना नवी बाई आली. वय तिशीच्या आतबाहेर, पायात सपाट चपला, बोलणं हळू. साहेबांनी ओळख करून दिली, "या तुमच्या हाताखाली." हाताखाली म्हणे. पंधरा दिवसांत सगळे तिला ताई म्हणायला लागले. किल्लीदाराने तिला कधी काहीच म्हटलं नाही. बोलवायचं असलं की खाकरायचा.

तिचं काय खुपत होतं? तर सगळंच. कुणाचा पासवर्ड अडकला की ती आधी शेजारची खुर्ची ओढून द्यायची आणि त्यालाच करायला लावायची. छापयंत्राने कागद धरला तर कसा सोडवायचा हे मोठ्या अक्षरांत लिहून तिने तिथेच चिकटवलं. आता तो कागद वाचून झाडूवालासुद्धा छापयंत्र सोडवायला लागला. पूर्वी घासाईचा मुकादम त्यासाठी याच्या टेबलावर चहा आणून ठेवायचा. तो चहा बंद झाला. याला वाटायचं, बाईला अक्कल नाही, हातातली कामं लोकांना वाटत सुटलीय. पण लोक तिच्याकडे जास्तच जायला लागले, नुसते बोलायलासुद्धा. हे गणित त्याला सुटेना आणि त्याचा जळफळाट वाढत गेला.

एके दिवशी सर्व्हरच्या काचेवर तिचा नवा कागद दिसला. बंद-चालू करताना आधी लायसन्सची सेवा, मग मुख्य सेवा. खाली बाण. किल्लीदार त्या कागदापुढे उभा राहिला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची धाकटी-थोरली अशी दोन ओळींत भिंतीला डकवून टाकली होती.

घरी तरी सुटका असावी की नाही? बायको भाकरी उलटता उलटता म्हणायची, "किती साधी आहे हो ती. माझ्या टेबलावरचा दिवा लुकलुकायचा ना, तिने स्वतः स्टुलावर चढून बघितला."

"दिवे बघायला ठेवलंय का तिला?"

"तुम्हाला चार महिने सांगत होते मी."

यावर तो जेवणात मीठ कमी आहे म्हणाला. मीठ बरोबर होतं.

तारीख जवळ आली. आठ दिवस आधी ती त्याच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "लायसन्सच्या पानावर आठ दिवस शिल्लक दाखवतंय."

"माझं काम आहे ते. मी बघतो."

आदल्या दिवशी पुन्हा आली. "उद्या नऊला संपतंय. किल्ली लावलीत का?"

"होईल," तो म्हणाला, आणि ती वळल्यावर त्याने साहेबांकडे उद्याच्या सुट्टीचा अर्ज दिला. कारण लिहिलं, घरगुती. मनात लिहिलं, आता बघू तुझे कागद. नऊला यंत्रं थांबतील, ती घाबरेल, सगळे तिच्या तोंडाकडे बघतील, मग साहेबांचा फोन येईल. हा दोन वेळा वाजू देईल. तिसऱ्यांदा उचलेल. वर्षाची नवी किल्ली खिशात तयारच होती.

सकाळी बायको कामाला निघताना त्याच्याकडे बघत राहिली. "सुट्टीला इस्त्रीचा शर्ट?"

"असाच."

ती गेली. त्याने फोन खिडकीत ठेवला, तिथे रेंज चांगली यायची. नऊ वाजले. नऊ दहा झाले. पहिली दहा मिनिटं ती स्वतः खटपट करणार, हे त्याने धरलेलंच होतं. नऊ वीसला त्याने फोनचा आवाज वाढवला. साडेनऊला तो शेजारच्या निवृत्त बाईंकडे गेला आणि त्यांना म्हणाला, जरा माझ्या फोनवर फोन लावून बघता का, बिघडलाय वाटतं. बाईंनी लावला. खिडकीतून खणखणीत वाजला.

"छान वाजतोय की," बाई म्हणाल्या.

पावणेदहाला खरोखर वाजला. दोनदा वाजू द्यायचं तो विसरलाच. बायको होती. "अहो, संध्याकाळी दळण आणून ठेवाल का? मला उशीर होईल." तिच्या मागे यंत्रांची घरघर, सोळाच्या सोळा.

"तिकडे सगळं ठीक ना?"

"ठीक नसायला काय झालं?"

त्याने फोन ठेवला आणि चपला घातल्या.

कारखान्यात कुणी त्याच्याकडे विशेष बघितलं नाही. ट्रे सरकत होते, चिठ्ठ्या छापल्या जात होत्या. मुकादम म्हणाला, "काय, सुट्टीचं करमत नाही वाटतं?" आणि पुढे गेला. काचेच्या खोलीत ती एकटीच होती, वायरींना नावाच्या पट्ट्या चिकटवत बसलेली. त्याला बघून उठली.

"म्हटलं, बघून जावं," तो म्हणाला. "लायसन्सचं काय झालं?"

"काल संध्याकाळी कंपनीला फोन केला. तुम्ही सुट्टीवर जाताय असं कळलं, म्हणून. त्यांनी दहा दिवसांची तात्पुरती किल्ली दिली. नऊच्या आधीच लावली."

"दहाच दिवस?"

"हो." तिने एक पट्टी नखाने दाबून बसवली. "म्हणाले, कायमची तुमच्याकडे आहेच. सात वर्षांपूर्वी पाठवलीय म्हणाले."

किल्लीदाराच्या पायाखालची जमीन सरकली. तो थांबला, आता ती काय ते बोलेल म्हणून.

"पुन्हा पाठवतो म्हणत होते. मी नको म्हटलं. आमच्याकडे हे बघणारे रजेवर आहेत, आले की तेच लावतील, असं सांगितलं."

"आणि साहेबांना काय सांगितलंस?"

"किल्लीची सोय झालीय, एवढंच. त्यांनी पुढे काही विचारलं नाही."

त्याने तिच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. कुत्सित, बारीकसं का होईना, काहीतरी सापडेल म्हणून नीट शोधलं. नव्हतं. तिने पट्ट्यांची गुंडाळी उचलली आणि विचारलं, "ही निळी वायर कुठली हो?" त्याने सांगितलं. तिने लिहून चिकटवलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती, साहेबांपुढे उभं केलं असतं, तर त्याच्याकडे उत्तरं होती. मी इथे बावीस वर्षं आहे, तू कालची. अशी चांगली दहा-बारा उत्तरं त्याने रस्त्यात जुळवली. पण ती देणार कुणाला? त्या दिवसापासून त्याचा हेवा दुप्पट झाला. आधी फक्त तिच्या कामाचा होता.

लायसन्सच्या पानावर रोज आकडा उतरत होता. नऊ, आठ, सात. तो रोज खालचा खण उघडायचा, वायरींना हात लावायचा आणि बंद करायचा. ती रोज समोरून जायची, ओठ उघडायची नाही. त्याने तीनदा वाट पाहिली, की आता आठवण करून देईल, मग हिच्यावर डाफरता येईल. तिने तेवढीही संधी दिली नाही. घरी तो भांड्यांवर, दारांवर, पंख्यावर चिडायला लागला. शेवटी बायकोने ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि स्वतः समोर बसली.

"काय झालंय तुम्हाला?"

"मला ती बघवत नाही."

"काय केलं तिने?"

"काही केलं नाही. तेच."

बायकोने आमटीचा डाव हातात घेतला. मग म्हणाली, "यंदा त्या दिवशी माझ्या टेबलावर एकही काच बाद झाली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा." एवढं बोलून तिने त्याच्या वाटीत आमटी वाढली. दिव्यासमोर काच धरून बारीक ओरखडा शोधणारी बाई ती. तिला किती दिसलं होतं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. सात वर्षं तिने मोजली होती, एवढं त्याला पुरलं.

दहाव्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेला. पहिली पाळी नुकती सुरू होत होती. खणातला कागद काढला, घडीवर अक्षरं जरा पुसट झाली होती. आधी घड्याळ बघितलं. मग ओळख-क्रमांक ताडला. पाच-पाच अक्षरं टाकली, धाकटीला उठवलं. जुनी किल्ली संपायच्या आत लावल्यामुळे थोरलीला हात लावावाच लागला नाही. एकही यंत्र थांबलं नाही, एकही मान वळली नाही. शिल्लक दिवसांच्या चौकटीत एकचा आकडा होता, तिथे शब्द आला, कायम. तो त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसला. मग खिशातली वर्षाची किल्ली त्याने बारीक फाडून टाकली.

ती आली, पान उघडलं, चौकट पाहिली आणि दुसऱ्या कामाला लागली. म्हणजे आभारसुद्धा मानायची सोय ठेवली नाही बयेने.

वर्ष गेलं. ती तारीख पुन्हा आली तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालूनच निघाला. बायकोने बघितलं आणि कॉलर मागून नीट केली. नऊ वाजले. साहेब फोनवर बोलत समोरून गेले. मुकादम ट्रे मोजत होता. यंत्रं चालू होती आणि चालूच राहणार होती. किल्लीदार टेबलावर हात ठेवून बसला, त्याला काही करायचं नव्हतं.

नऊ पाचला ती आली. हातात दोन कप चहा, काखेत वही. एक कप त्याच्यासमोर ठेवला.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या दोन सेवांना काय म्हणता? धाकटी आणि थोरली ना? आधी कुणाला उठवायचं, आणि का? नीट समजावून सांगा. वेळ आहे माझ्याकडे."

तिच्या मागे, काचेवर, तिच्याच अक्षरात उत्तर चिकटवलेलं होतं, खाली बाणसुद्धा. तिला सगळं येत होतं. तिला येतं हे त्याला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही. एवढं सुचण्याचं शहाणपणसुद्धा हिच्याकडेच असावं, या विचाराने त्याचा हेवा आणखी पेटला. बावीस-तेवीस वर्षांत त्याला एकदाही कुणासाठी असं काही सुचलं नव्हतं.

त्याने पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बसा ताई," तो म्हणाला. "घाई करू नका. आधी घड्याळ बघू."