जीनच्या पायाची पिशवी

सातवीत असताना शाळेत योगासनांची स्पर्धा ठरली आणि बाईंनी फर्मान काढलं: चटई प्रत्येकीने आपली आणायची, तीही पिशवीत घालून. आमच्या घरात चटई होती, पिशवी नव्हती. मला हौस दांडगी. म्हटलं, आपणच शिवू.

बाबांची कंपनी बंद पडली होती. अंबरनाथच्या आमच्या खोलीत आईच्या शिलाई मशीनवर घर चालायचं. उल्हासनगरच्या कॅम्प पाच भागातल्या कारखान्यातून ती जीनचे कापलेले तुकडे आणायची आणि पँटी शिवून परत द्यायची. घरात नियम एकच: चिंधीने बांधलेला गठ्ठा म्हणजे माल, त्याला हात लावायचा नाही. सुटं पडलंय ते उरलंसुरलं, कुणीही घ्यावं. त्या सकाळी आईने एक गठ्ठा सोडला आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. ती हंडे घेऊन पळाली. मी बघितलं, सुटं पडलंय. झालं! एका पायाचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही तुकडे उचलले. चटईची गुंडाळी त्यात मापाने कापल्यासारखी बसली. दुपारी आई तयार माल पोचवायला गेली तेव्हा खालची बाजू गोल कापली, शिवली, तोंडाला नाडी ओवली. काय मिरवत होते मी!

संध्याकाळी आई मशीनवर बसली आणि एका पँटीला एकच पाय निघाला. तिने पलंगाखाली पाहिलं, डब्यांमागे पाहिलं, अंथरुणं झटकली. गेल्याच महिन्यात शेजारच्या काकूंचे दोन तुकडे कमी भरले, तर कारखान्याच्या मुकादमाने सगळ्या बायकांसमोर त्यांची पिशवी उपडी केली होती. चोर म्हणाला आणि काम बंद केलं.

माझी पिशवी दारामागे टांगलेली. आई आता रडकुंडीला आलेली.

"आई, मी घेतला. मला वाटलं, सुटं आहे."

तिने पिशवी हातात घेतली, उलटी करून पाहिली. परत दारामागे टांगली. दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं, खरंच सांगते.

सकाळी मला आणि पिशवीला घेऊन ती कारखान्यात गेली. सगळं खरं सांगितलं. मी तिचा पदर धरून उभी. मुकादमाने शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हाथ साफ है लडकी का. कल से इधर मशीन पे बिठा दे. पीस माफ, तेरा काम भी चालू."

मला तर सुटल्यासारखंच वाटलं. कामही राहणार, चोरही नाही! मी आईकडे पाहिलं. काल तुकडे सापडेनात तेव्हाही नव्हती एवढी ती आत्ता घाबरली होती.

"नहीं भैया," ती म्हणाली. "काम बंद करो तो करो. लडकी स्कूल जाएगी."

त्याने गठ्ठा दिला नाही. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. आईने चटई पिशवीत घातली, नाडी ओढली आणि माझ्या खांद्याला अडकवली. "जा, उशीर होईल."

पुढे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून तिने घर ओढलं. पण माझी दहावी होईपर्यंत घराबाहेर पडताना ती मशीनचा पट्टा काढून बरोबर न्यायची, मागे मला मशीन चालवता येऊ नये म्हणून.